नऊ किलोंचा ट्राउट आणि बाबांचा परवाना

"ब्याऐंशी वर्षांत नदीनं मला कधी कागद विचारला नाही. आता ह्यांना हवाय."

हे बाबा मला म्हणाले नव्हते. ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून, माटेची नळी तोंडात धरून, भांड्यातल्या कडू काढ्याला सांगत होते. पण आमचं स्वयंपाकघर एवढंसं आहे, की तिथं माणूस स्वतःशी पुटपुटला तरी भाषण केल्यासारखं होतं. मी ओट्याशी कणीक मळत होते. माझा नवरा एलिसेओ टेबलाशी रेडिओ उघडून बसला होता. (तो रेडिओ लावत नाही, उघडतो.) आम्ही दोघांनीही ऐकलं आणि माझ्या मनात एक विचार आला. माझ्या मनात असा विचार आला रे आला, की घरातली माणसं हळूच कोट चढवून बाहेर जायला बघतात, पण त्या दिवशी बाहेर वारा इतका होता की त्यांना जाता येईना.

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी बेलिसारियो टोपी हातात घेऊन आमच्या दारी आला होता. तो औषधांच्या दुकानाचा मालक आणि आमच्या मासेमारी मंडळाचा अध्यक्ष. मंडळाला या नोव्हेंबरात पन्नास वर्षं होत होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी पहिला गळ बाबांनी टाकायचा आणि पुलाखालच्या डोहाला बाबांचं नाव द्यायचं, असं ठरलं होतं. पाटी रंगवायलाही दिली होती.

एवढा मान कशासाठी, तर फोटोसाठी. त्या फोटोत बत्तीस वर्षांचे बाबा गुडघाभर पाण्यात उभे आहेत आणि नऊ किलोंचा ट्राउट त्यांनी तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर धरलाय. तो फोटो मंडळाच्या भिंतीवर आहे, बेकरीच्या कॅलेंडरवर आहे आणि बेलिसारियोच्या दुकानात वजनकाट्याच्या वर आहे. तिथं गावातल्या बायका आपलं वजन बघून झालं की मान वर करून माशाचं बघतात आणि थोडं बरं वाटून घेतात.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "माझ्याकडे परवाना नाही. नियम म्हणजे नियम."

दाढ काढून घ्यायला गेलेल्या माणसाला 'आज डॉक्टर नाहीत' असं सांगितल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, तसा त्यांचा झाला होता. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण बेलिसारियो म्हणाला, "अहो इलारियोकाका, पेन्शनवाल्यांना फुकट देतात," आणि मी म्हणून बसले, "उद्या दुपारच्या झोपेच्या आत आणून दाखवते."

हे मी का म्हटलं ते सांगायला हवं. माझं लोकरीचं दुकान आहे आणि शिक्षण सहावी. पण या गावात कुणाला अर्ज करायचा असला तर तो आधी माझ्याकडे येतो. मी लोकर गुंडाळता गुंडाळता तीन पेन्शनी, एक घटस्फोट आणि एका गाढवाची नुकसानभरपाई मिळवून दिलेली आहे. नोएमीच्या अर्जाला कुणी नाही म्हणत नाही, अशी माझी ख्याती. ती ख्याती पुढच्या तीन आठवड्यांत जी काही धुवून निघाली, ती पुन्हा वाळायला अजून टांगलेलीच आहे.

परवान्याच्या खिडकीमागं ग्रिसेल्दा बसते. तिचा दोन गोष्टींवर विश्वास आहे. एक शिक्का आणि दुसरा शिक्का. तिनं बाबांचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"हे गाव कुठं आलं?"

"धरणात," मी म्हटलं.

"म्हणजे धरणाजवळ."

"धरणात. तळाशी. तेहतीस वर्षं झाली आम्हाला नदीच्या वरच्या अंगाला इथं येऊन. बाबांनी पत्ता बदलून घेतला नाही."

"मग या पत्त्यावर सध्या राहतं कोण?"

"ट्राउट," मी म्हटलं.

"आणि तेही विनापरवाना," बाबा मागून म्हणाले.

ग्रिसेल्दा हसली नाही. फुकट परवाना फक्त इथल्या रहिवाशांना मिळतो आणि जलाशयाचा तळ इथल्यात धरायचा की नाही हे वरून विचारून घ्यावं लागेल, त्यापेक्षा पोलीस ठाण्यातून रहिवासी दाखला आणा, दोन साक्षीदारांसह, असं तिनं सांगितलं. मग तिनं खिडकी बंद केली, कारण एक वाजला होता. आमच्याकडे एकपासून चारपर्यंत भूकंपही होत नाही.

साक्षीदार म्हणून मी एलिसेओला नेलं आणि शेजारच्या एर्मेलिंदाबाईंना. एर्मेलिंदाबाईंना नेणं ही चूक होती, पण न नेणं ही जन्मभराची चूक ठरली असती. ठाण्यातल्या पोरगेल्या हवालदारानं विचारलं, "तुम्ही यांना ओळखता का?"

"रोज बघते."

"कुठं?"

"कुंपणावरून. बनियनवर टोमॅटोंना पाणी घालत असतात. पाणी सगळं माझ्या बाजूला येतं. लिहिलंत का?"

त्यानं लिहिलं. तो नवीन होता, सांगितलेलं सगळं लिहीत होता. म्हणून बाबांच्या रहिवासी दाखल्यावर आजही नोंद आहे, की सदर इसम सदर पत्त्यावर राहतो व त्याचं पाणी शेजारी जातं.

दाखला घेऊन पुन्हा खिडकीशी गेले. या वेळी ग्रिसेल्दानं जन्मतारखेवर बोट ठेवलं. ऐंशीच्या वर वय असेल तर हयातीचा दाखला लागतो, चालू महिन्याचा.

"अगं, ते समोर बसलेत," मी म्हटलं.

"बसलेत ना. मला दिसतायत. पण कागदावर कुठं बसलेत?"

बाबांनी बाकावरून हात वर केला. ग्रिसेल्दानंही त्यांना हात केला, तिला बाबांबद्दल आदरच आहे. पण दाखला तो दाखला. मग दवाखान्यात एक सकाळ गेली. डॉक्टरांनी बाबांची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि मग रक्तदाब पाहून मला विचारलं, "घरी काही ताण आहे का?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

एव्हाना गावात बातमी पसरली होती आणि दुकानात गिऱ्हाईक कमी, सल्लागार जास्त येत होते. कुणी म्हणे, गळाचा उलटा काटा चिमट्यानं चपटा करायला विसरू नका, नाहीतर दंड. कुणी म्हणे, आमिष चालत नाही, पिसांची खोटी माशीच लागते. मासा पकडला तरी सोडून द्यायचा, तोही आपला श्वास कोंडून धरता येईल एवढ्याच वेळात. हा नियम ऐकून एर्मेलिंदाबाई म्हणाल्या, "मग पकडायचा कशाला? नुसती ओळख करून घ्यायला?" नियमांची चौसष्ट पानी पुस्तिका मी आणली आणि तीन दिवसांत पाठ केली. रात्री झोपेत मी 'एका माणसास एकच काठी' असं म्हणाले, असं एलिसेओ सांगतो.

बाबांनी ती पुस्तिका उघडलीही नाही. पण त्यांना ती कुणापेक्षा जास्त आवडली होती. रोज सकाळी माटे पिता पिता ते आशेनं विचारायचे, "काय गं, आज काही नवीन अडचण?" आणि मी अडचण सांगितली की त्यांची भूक वाढायची.

मग आला फोटो. परवान्यावर फोटो लागतो. इथं मात्र बाबा अडून बसले.

"फोटो काढायचा नाही."

"अहो बाबा, एवढासा चौकोनी. नाकाएवढा."

"आयुष्यात एक काढला तेवढा पुरे झाला."

त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. ब्याऐंशीच्या माणसाचं तोंड जबरदस्तीनं कॅमेऱ्याकडे फिरवता येत नाही, मी प्रयत्न केलाय. तेव्हा एलिसेओला कल्पना सुचली. त्याला कल्पना सुचली की मी कोट चढवते. तो म्हणाला, "त्याच फोटोतला चेहरा कापून लावू. आपल्याकडे दुसरी प्रत आहे."

चेहरा पन्नास वर्षांपूर्वीचा होता, पण मी इतकी टेकीला आले होते की मी कपाटातून प्रत काढली, चष्मा लावला आणि कात्री घेऊन बसले. लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेला फोटो. पण आपण भिंतीवरच्या वस्तू कधी जवळून बघत नाही. कापण्यासाठी म्हणून मी तो दिव्याखाली धरला आणि माझी नजर खालच्या कडेला गेली. वाळूवर फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. सावलीला घेरदार झगा होता. आणि खांद्यावर गळाची काठी.

मी कात्री खाली ठेवली.

एलिसेओनं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं, मग रेडिओत तोंड घातलं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेच होते, ते आणखी वळायला जागा नव्हती. मग मी म्हटलं, "मासा मध्ये येतोय. शेपटी कानाला लागतेय. नाही जमायचं," आणि फोटो जागच्या जागी ठेवून दिला.

माझी आई डेल्मिरा जाऊन अकरा वर्षं झाली. दर मंगळवारी ती घोंगड्या धुवायला नदीवर जायची आणि येताना ओल्या घोंगडीत गुंडाळून मासे आणायची. मी बरीच मोठी होईपर्यंत मला वाटायचं, मासे घोंगड्यांतून निघतात. आमच्याइतक्या स्वच्छ घोंगड्या गावात कुणाच्याच नव्हत्या. आणि बाबांना मी कधी नदीवर जाताना पाहिलं होतं का, हा प्रश्न मला पन्नास वर्षांत पडला नव्हता. किंवा पडला असेल, मी त्याला बसायला खुर्ची दिली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा आपणहून उठले, टाय बांधला आणि स्टुडिओत जाऊन फोटो काढून आले. काय मनात आलं ते सांगितलं नाही. फोटोत ते शिक्षा ऐकायला उभ्या केलेल्या माणसासारखे दिसतात, पण आकार नियमाप्रमाणे होता.

शेवटचा अर्ज भरताना ग्रिसेल्दानं विचारलं, "आधीच्या परवान्याचा क्रमांक?"

"नाही," बाबा म्हणाले. "कधी नव्हताच."

तिची लेखणी थांबली. "मग तो नऊ किलोंचा? तेव्हाही परवाना सक्तीचा होता, काका."

मागं रांगेत चार माणसं होती. चौघंही एकदम छताकडे बघायला लागली. ग्रिसेल्दा उठली, मागच्या कपाटातून एक जाडजूड जुनं रजिस्टर काढून आणलं, धूळ झटकली आणि बोट फिरवत एकेक नाव खाली उतरू लागली. दुकानदारीत एक विद्या मला आपसूक आली आहे, उलटं वाचायची. तिचं बोट थांबलं तिथं मीही थांबले. आडनाव आमचं होतं. नाव बाबांचं नव्हतं. पुढं आईची सही होती, शेवटच्या अक्षराला गळासारखा बाक देऊन केलेली. वाणसामानाच्या यादीखालीसुद्धा ती तशीच सही करायची.

ग्रिसेल्दानं वर पाहिलं. बाबा पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

तिनं रजिस्टर मिटलं. "या पानाला ओल लागलीय," ती म्हणाली. "काही वाचता येत नाही." आणि तिनं परवान्यावर शिक्का मारला, मग त्याच्या शेजारी दुसरा.

पान खडखडीत कोरडं होतं.

घरी येईपर्यंत मी आणि बाबा वाऱ्याबद्दल बोललो. वारा पश्चिमेचा होता, यावर आमचं एकमत झालं. त्याच वेळी मी थांबायला हवं होतं, हे मला कळतं. पण पाटी रंगवून झाली होती. इतकी वर्षं ज्या माणसाला गाव रस्त्यात टोपी काढून नमस्कार करतंय, त्याला भर गावात खोटं पाडायचं आणि तेही मुलीनं, याची माझी तयारी नव्हती. आणि गप्प राहावं तर तो मासा आईकडून दुसऱ्यांदा काढून घेतल्यासारखं होत होतं, या वेळी तिच्या डोहासकट. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. मी बाबांचा शर्ट इस्त्री केला.

मग सराव. मंडळानं काठी पाठवली होती. बाबांनी ती अंगणात आधी केरसुणीसारखी धरली, मग छत्रीसारखी. पहिला गळ टाकला तो एर्मेलिंदाबाईंच्या दोरीवरच्या परकरात जाऊन बसला. कुंपणावर जमलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं.

"वय," बेलिसारियो म्हणाला.

"वयच," सगळे म्हणाले.

"एके काळी ह्यांच्या मनगटात काय जादू होती," एकजण म्हणाला आणि लगेच बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

एर्मेलिंदाबाई परकरातून गळ सोडवत होत्या. "डेल्मिरा असती तर," त्या म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या. एर्मेलिंदाबाई वाक्याच्या मध्यावर थांबल्याची ही आमच्या गल्लीतली पहिलीच वेळ. "डेल्मिरा असती तर परकर आत घ्या म्हणाली असती," असं त्यांनी पुरं केलं. पण ते ठिगळ होतं, सगळ्यांना दिसलं.

हंगामाचा पहिला दिवस उजाडला. नदी बर्फाच्या पाण्यानं भरून हिरवीगार वाहत होती, काठावरच्या विलोच्या झाडांना नुकती पानं फुटली होती, नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे वसंत. अग्निशामक दलाचा बँड आला होता. कोकराच्या मांसाचा धूर सगळ्या पाहुण्यांच्या डोळ्यांत जात होता, त्यामुळे कोण कशानं रडतंय ते नंतर ठरवता आलं नाही. पुलाच्या कठड्याशी पाटी उभी होती, तिच्यावर निळं कापड.

नदीची राखण कायुपानकडे आहे. हा माणूस असा, की त्यानं सख्ख्या मेव्हण्याला दंड केलाय आणि मग त्याच्याच घरी जेवायला गेलाय. त्यानं बाबांना अडवलं. बाबांचा चेहरा उजळला.

"परवाना?"

मी दिला. त्यानं दोन्ही शिक्के वाचले.

"बूट?"

आमच्या नद्यांत हल्ली दगडांवर एक बुळबुळीत घाण धरते, तिला आम्ही खडकाचा शेंबूड म्हणतो. ती या नदीतून त्या नदीत जाऊ नये म्हणून पाण्यात उतरण्याआधी बूट औषधानं धुवावे लागतात. बाबांचे हे रबरी बूट बारा वर्षं अंगणापलीकडे गेले नव्हते.

"धुतले नसतील तर आत सोडू नकोस, कायुपान," बाबा म्हणाले. "मला वाईट वाटणार नाही."

कायुपाननं फवारणीचं यंत्र आणलं आणि स्वतः खाली बसून बाबांचे बूट धुतले.

"गळ दाखवा."

मी श्वास कोंडून धरला. चौसष्ट पानं पाठ केलेल्या माझ्याकडून गळाचा उलटा काटा चपटा करायचा राहून गेला होता. कायुपाननं तो अंगठ्यावर घासून पाहिला. बाबांनी परवाना घडी करून खिशात घालायला सुरुवात केली होती. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

कायुपाननं खिशातून चिमटा काढला, काटा दाबला आणि गळ परत त्यांच्या हातात दिला. "झालं, काका. आता काही अडचण नाही."

अडचण नाही, हे शब्द ऐकून माणूस इतका खचलेला मी आजवर पाहिला नव्हता.

बँड थांबला. बेलिसारियोनं भाषण केलं, त्यात 'आपल्या नदीचा राजा' हे तीनदा आलं. मग त्यानं निळ्या कापडाचं टोक धरलं आणि बाबांना खूण केली, की तुम्ही गळ टाका, त्याच क्षणी मी पाटी उघडतो. बाबा काठावर उभे राहिले. पाणी त्यांच्या बुटांना लागत होतं. फोटोत जिथं उभे आहेत, बहुतेक तिथंच. सगळा गाव पुलावर ओणवला होता आणि कुणीच सरळ त्यांच्याकडे बघत नव्हतं. ग्रिसेल्दा आपल्या हातमोज्यांकडे बघत होती, एर्मेलिंदाबाई ढगाकडे, एलिसेओ बँडच्या ढोलाकडे. मी इस्त्रीच्या घडीकडे बघत होते, शर्टाच्या पाठीवरच्या.

बाबांनी काठी उचलली. मग खाली केली. मागं वळले, माझ्यापर्यंत चालत आले आणि काठी माझ्या हातात दिली.

"बेलिसारियो, ते कापड राहू दे."

"का हो, काका?"

"पाटी परत रंगवायला टाक. नाव चुकलंय." त्यांनी टोपी काढली. वाऱ्यानं त्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले. "पेपरात माझं नाव छापून आलं त्या दिवशी ती पोट धरून हसली होती. म्हणाली, राहू दे, दोन दिवसांत लोक विसरतील. मी पन्नास वर्षं वाट बघतोय, तुम्ही विसरतच नाही."

बेलिसारियोनं कापडाचं टोक सोडलं.

"मला गळाला दोरासुद्धा बांधता येत नाही," बाबा म्हणाले. "मासा डेल्मिरानं पकडला होता. तिला फोटो काढायचा होता, म्हणून मी धरला."